सावदा–फैजपूर रस्त्यावरचे जुने पेट्रोल काढून घेणारे दुकान

जळगाव जिल्ह्यात बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्गाने सावदा सोडून फैजपूरकडे निघाले की फवारणी पंप, पॉवर वीडर, ग्रास कटर आणि लहान जनरेटर दुरुस्त करणारे एक दुकान लागते. दुकानाला पाटी नाही. दारावर टांगलेल्या पंपांच्या रिकाम्या टाक्या पाहूनच ते ओळखावे लागते. दुरुस्ती तर या भागात अनेक जण करतात. टाकीत महिनोन्महिने पडून बिघडलेले पेट्रोल रीतसर काढून घेणे आणि त्याचे पुढे काय होते हे गिऱ्हाइकाला सांगणे, हे काम मात्र मला दुसरीकडे कोठे दिसले नाही, म्हणून हा अभिप्राय.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात असे पेट्रोल घरोघरी असते. करप्याची फवारणी आटोपली की पंप अर्ध्या भरलेल्या टाकीसह पत्र्याच्या खोलीत जातो, जनरेटर लग्नसराईपुरता बाहेर निघतो आणि मुलगा पुण्याला नोकरीला गेला की त्याची गाडी ओसरीत झाकून ठेवली जाते. पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की पत्र्याखालच्या पेट्रोलमधील हलके, चटकन पेट घेणारे घटक आधी उडून जातात. उरलेल्याची हवेशी क्रिया होऊन चिकट राळ तयार होते आणि ती कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात (जेटमध्ये) बसते. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते. पेट्रोल नळी तळातूनच निघत असल्यामुळे इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. पावसाळा ओलांडलेल्या टाकीत हे होण्याची भीती जास्त असते.

दुकानदार काम हाती घेण्यापूर्वी थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरतो. माझ्या जनरेटरमधील पेट्रोल कोऱ्या चहासारखे गडद झाले होते, वास वॉर्निशसारखा आंबूस येत होता आणि बाटली थोडी स्थिर ठेवताच तळाशी गढूळ थर दिसू लागला. त्याने बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “भाऊ, हे पेट्रोल राहिलं नाही आता. यात ताजं मिसळून वाया घालवू नका.” हीच तपासणी त्याच्या साऱ्या कामाचा पाया आहे. पेट्रोल नुसतेच जुने असेल, रंग फारसा बदललेला नसेल आणि थर पडलेला नसेल, तर तो ते गाळून परत देतो आणि एका भागाला चार-पाच भाग ताजे पेट्रोल मिसळून ग्रास कटर किंवा जुन्या जनरेटरमध्ये संपवायला सांगतो. २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण निकषांच्या) गाड्यांत असे मिश्रणही घालू देत नाही, कारण इंजिनात पेट्रोल फवारणारे त्यांचे इंजेक्टर साफ करण्याचा खर्च वाचलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट होतो. टू-स्ट्रोक पंपातील ऑइलमिश्रित पेट्रोल तो वेगळ्या डब्यात घेतो; ते मोटारसायकलच्या टाकीत जाऊ नये, हे बजावायला विसरत नाही.

पेट्रोल काढण्याची त्याची पद्धत सावध आहे. काम दुकानाबाहेर, लिंबाच्या सावलीत चालते. इंजिन पूर्ण थंड झालेले असते, बॅटरीची तार सोडवलेली असते आणि धातूचा डबा जमिनीवर टेकवलेला असतो. गाडीवर किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवलेल्या डब्यात तो पेट्रोल ओतत नाही, कारण घर्षणाने साचलेल्या स्थिर विजेची एक ठिणगीही पुरेशी असते. तोंडाने नळी ओढण्याची आपल्याकडची जुनी सवय त्याने मोडली असून रबरी हातपंप वापरतो. हे सगळ्यांनीच करावे. पेट्रोलचा एखादा घोट श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसे सुजतात, आणि ते पोटात गेले असेल तर उलटी मुळीच काढू नये, थेट दवाखाना गाठावा.

पाण्याच्या बाटलीतून किंवा प्लॅस्टिकच्या कॅनमधून आणलेले पेट्रोल तो घेत नाही. यावरून गिऱ्हाइकांशी त्याची वादावादी होताना मी पाहिली आहे, परंतु कायदा त्याच्या बाजूने आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते, पण ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काच व चिनीमातीला एक लिटरची आणि धातूला पंचवीस लिटरची मर्यादा आहे.

खरा प्रश्न पूर्ण बिघडलेल्या पेट्रोलचा. आपल्याकडे ते बांधावर गवत जाळायला, मुंग्यांच्या वारुळात किंवा सरळ गटारीत ओतले जाते. बांधावर ओतलेले थोडे उडते आणि थोडे जमिनीत मुरते. त्यातील बेंझिन हा विषारी घटक पाण्यात विरघळतो, आणि या पट्ट्यात पिण्याचे पाणी विहिरी-बोअरचेच आहे. पाचट पेटवण्यासाठी ते टाकणे तर आगीला आमंत्रण आहे, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, जमिनीलगत पसरते आणि काडी ओढणाऱ्यापर्यंत परत येते. गटारीत गेलेले पेट्रोल काय करू शकते, हे मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहराने २२ एप्रिल १९९२ रोजी पाहिले. गळक्या पेट्रोलवाहिनीतून मलवाहिनीत शिरलेल्या पेट्रोलचा स्फोट झाला, रस्तेच्या रस्ते उखडले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली.

दुकानदार असे पेट्रोल वापरलेल्या इंजिन ऑइलच्या पिंपात ओतत नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते. ते मिसळले की सगळे पिंपच ज्वालाग्राही होते आणि ऑइल पुनर्प्रक्रियेच्या कामाचे राहत नाही. एका मोठ्या वाहन सेवा केंद्राशी त्याचे बोलणे झालेले आहे. त्या केंद्राचा घातक कचरा परवानाधारक वाहनातून, मॅनिफेस्टसह (कचरा कोठून कोठे गेला याच्या नोंदपत्रासह), घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या सामायिक प्रकल्पात जातो आणि या दुकानातील लेबल लावलेला डबा त्याच वाटेने जातो. घरगुती घातक कचऱ्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरमागे एक संकलन केंद्र स्थानिक संस्थेने उभारावे, असे २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिले होते. मी एका नगरपालिकेत याची चौकशी केली, तेव्हा घंटागाडीत टाकून द्या, असे उत्तर मिळाले. कचऱ्याची गाडी दाबयंत्राची असेल तर त्या सल्ल्याचा अर्थ काय होतो, ते वाचकांनी ताडावे.

दराबाबत तक्रार नाही. जनरेटरची टाकी रिकामी करून धुणे, फिल्टर बदलणे आणि कार्बोरेटरची सफाई याचे चारशे रुपये झाले. नुसते पेट्रोल द्यायचे असल्यास लिटरमागे किरकोळ रक्कम घेतो. उणीव आहे ती पावतीची. किती लिटर पेट्रोल घेतले आणि ते कोणत्या खेपेत गेले, याची नोंद त्याच्या वहीत असते, पण गिऱ्हाइकाच्या हाती काही पडत नाही. शब्दावर विश्वास ठेवणे मला जड गेले नाही, तरीही अशा कामात कागद असायलाच हवा. दुसरे म्हणजे अग्निशमनाचे नळकांडे आत, काउंटरमागे टांगलेले आहे. ते पेट्रोल काढण्याच्या जागेजवळ असावे, असे मी त्याला सांगितले आणि त्यालाही ते पटले.

चैत्र-वैशाखात सकाळी दहानंतर पेट्रोलचे काम तो करत नाही, त्यामुळे लवकर पोहोचावे. डबा गळ्यापर्यंत न भरता वर थोडी जागा ठेवावी, तो उभा बांधून आणावा आणि मोटारीने येणाऱ्यांनी काचा उघड्या ठेवाव्यात. रिकामा डबा परत मिळतो, पण धुऊन मिळत नाही. घरी नेल्यावर तो बूच काढून उघड्यावर, चुलीपासून दूर आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा सावलीत वाळू द्यावा.