घाण्याचं तेल चांगलं, पाटी तेवढी काढा

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एक लाकडी घाणा सुरू झालाय. तीन महिने तिथलंच शेंगतेल वापरतेय.

दिवाळीनंतर आमच्या ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी बजावलं, तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. आम्ही तिघं, म्हणजे दीड लिटर. आणि आमच्याकडे पाच लिटरचा डबा महिन्याला रिकामा! अर्धा लिटर म्हणजे माणशी रोज चहाचे तीन चमचे. त्यातच फोडणी, त्यातच चटणीवरचं तेल, त्यातच भडंग. सांगलीत राहून भडंग सोडा म्हणायला डॉक्टरांचं काय जातंय?

तेल मात्र एक नंबर. घाणा समोर फिरतो, आपले दाणे नेले तर त्याचंही काढून देतात. माझ्या पाच किलोचं दोन लिटरच्या आसपास निघालं, पेंड जाऊबाईंच्या म्हशीला गेली. पहिल्या फोडणीला कढईत फेस आला, मी घाबरलेच. रिफाइंड नसलं की येतो म्हणे. पण वास असा, की एका चमच्यात वांग्याची भाजी खमंग. आमचं तेल कमी झालं ते डॉक्टरांच्या धाकापेक्षा या वासानं. आणि खरं सांगायचं तर दरानं.

राग आहे तो भिंतीवरच्या पाटीचा. 'कोलेस्टेरॉल फ्री, हृदयरोग्यांसाठी खास.' अहो, कोलेस्टेरॉल दूध, अंडी, मटणात असतं. शेंग, करडई, सरकी, कुठल्याच तेलात ते नावालाही नसतं. वनस्पती तुपात तरी कुठं होतं? बघायची असते ती संपृक्त चरबी, तिच्यानं रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. शेंगतेलात ती पाचव्या हिश्श्याच्या आसपास. त्याच पाटीखाली खोबरेलाच्या बाटल्या मांडल्यात, त्यात जवळजवळ नव्वद टक्के!

वर मालक ह्यांना म्हणाले, "काका, हे तेल चालू आहे ना, मग गोळी कशाला?" झालं. मी पाकीट मोजलं तर चार दिवसांच्या गोळ्या तशाच. ॲटोरव्हास्टॅटिन 40, कोलेस्टेरॉल कमी करायची, रोज रात्रीची. त्या रात्री घरात काय झालं ते इथं लिहीत नाही. एलडीएल 118 होतं, गेल्या तपासणीत 64 आलं. डॉक्टरांना 70 च्या खाली हवंच होतं. मालकांना सांगितलं तर म्हणतात, "बघा, तेलाचा गुण!" गोळीचं नावच नाही.

बाटल्यांची झाकणंही गळकी आहेत. ह्यांची फाईल पिशवीत होती, ईसीजीवर तेलाचा हा एवढा डाग. डॉक्टरांनी कागद नाकाशी धरला आणि विचारलं, "शेंगतेल का?"

आता मी घरचा स्टीलचा डबा घेऊन जाते.