ऑटिझम क्लिनिकसाठी सीएक्यूएच पोर्टल: उपयोगी आहे, पण त्यावर विसंबून मुलं घेऊ नका

अमेरिकेत एबीए (ऑटिझम असलेल्या मुलांसाठीच्या वर्तन-आधारित) थेरपीचं क्लिनिक काढायचं आणि इन्शुरन्सच्या नेटवर्कमध्ये जायचं, तर सीएक्यूएच प्रोव्हायडर डेटा पोर्टलशी गाठ पडतेच. जुनी मंडळी याला अजून प्रोव्ह्यूच म्हणतात. बीसीबीएनं (म्हणजे सर्टिफाइड बिहेवियर ॲनालिस्टनं) आपली माहिती इथे एकदा भरायची, मग वेगवेगळ्या इन्शुरन्स कंपन्या ती इथूनच उचलतात. प्रोव्हायडरला एक सेंटही पडत नाही. तेच तेच फॉर्म पुन्हा पुन्हा भरण्याचा त्रास वाचतो आणि एवढ्यासाठी पोर्टलला पूर्ण मार्क.

मोठा गैरसमज मात्र इथेच होतो. प्रोफाइल 'कम्प्लीट' दिसली की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात तेव्हा फक्त कागद जागेवर लागलेले असतात. प्रत्येक कंपनीकडे क्रेडेन्शियलिंगचा (पात्रता तपासणीचा) वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होऊन करार हाती यायला दोन ते चार महिने सहज जातात. करारावरच्या इफेक्टिव्ह डेटच्या (करार लागू होण्याच्या तारखेच्या) आधीच्या सेशन्सचे पैसे बहुतेक कंपन्या मागाहून देत नाहीत. ९७१५३ हा थेरपी सेशनच्या बिलाचा कोड १५ मिनिटांच्या युनिटवर चालतो, म्हणजे दोन तासांच्या सेशनची आठ युनिट्स. एका मुलाची आठवड्याला वीस तास थेरपी धरली, तर ८० युनिट्स दर आठवड्याला बुडीत. सेशन घेणाऱ्या टेक्निशियनचा पगार मात्र द्यावाच लागतो.

भरायला बसण्याआधी हे हाताशी ठेवा: स्वतःचा टाइप १ एनपीआय (प्रोव्हायडरचा राष्ट्रीय ओळख क्रमांक), क्लिनिकचा टाइप २ एनपीआय, राज्याचं लायसन्स, बीएसीबीचं (बीसीबीएंना प्रमाणित करणाऱ्या मंडळाचं) सर्टिफिकेट, डब्ल्यू-९ (टॅक्स क्रमांकाचा फॉर्म), मालप्रॅक्टिस (व्यावसायिक चुकांच्या) इन्शुरन्सचं सर्टिफिकेट आणि महिना-वर्षासह नोकऱ्यांचा तपशील. एनपीआयच्या नोंदीत बिहेवियर ॲनालिस्टचा टॅक्सॉनॉमी (व्यवसायाच्या प्रकाराचा) कोड १०३के०००००एक्स आहे ना, तेही बघून घ्या. नोकरीत सहा महिन्यांहून मोठा खंड असेल तर कारण लिहा. बाळंतपण, स्थलांतर, शिक्षण, काहीही चालतं. रिकामी जागा मात्र चालत नाही.

अर्ज अडकतात ते बहुधा क्षुल्लक कारणांनी. मालप्रॅक्टिसची पॉलिसी क्लिनिकच्या नावावर असते आणि सर्टिफिकेटवर ॲनालिस्टचं नावच नसतं. अशा वेळी एजंटकडून नावांची यादी जोडून घ्यावी लागते. लायसन्स नवं झाल्यावर पीडीएफ चढवली जाते, पण शेजारच्या रकान्यात जुनीच एक्स्पायरी डेट राहते. डब्ल्यू-९ वर कंपनीचं पूर्ण कायदेशीर नाव आणि पोर्टलवर पाटीवरचं नाव. पत्ता एका ठिकाणी सूट (ऑफिसच्या खोलीच्या) नंबरसह, दुसऱ्या ठिकाणी त्याशिवाय. सबमिट करण्याआधी एनपीआयची नोंद, डब्ल्यू-९ आणि पोर्टल शेजारी-शेजारी उघडा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यानं महिना वाचतो.

लायसन्सबद्दल थोडं सविस्तर. बीएसीबीचं सर्टिफिकेट म्हणजे राज्याचं लायसन्स नव्हे. टेक्ससमध्ये लायसन्स टीडीएलआर हे राज्याचं लायसन्स खातं देतं, न्यूयॉर्कमध्ये शिक्षण खातं. दोन राज्यांत काम असेल तर दोन्ही लायसन्स पोर्टलवर वेगवेगळी नोंदवा. टेलिहेल्थलाही सूट नाही: सेशनच्या वेळी मूल ज्या राज्यात असतं, तिथले नियम लागू होतात.

पोर्टलची खरी डोकेदुखी म्हणजे दर १२० दिवसांनी करावं लागणारं री-अटेस्टेशन. इलिनॉयमध्ये ही मुदत १८० दिवसांची आहे. काहीही बदललेलं नसलं तरी लॉगिन करून माहिती बरोबर असल्याचं पुन्हा कबूल करावं लागतं. आठवणीची ईमेल येते, पण ती नोकरी सोडलेल्या ऑफिस मॅनेजरच्या पत्त्यावर जात असेल तर कुणालाच कळत नाही. म्हणून संपर्कासाठी क्लिनिकचा कायमचा ईमेल द्या आणि कॅलेंडरवर दर ११० दिवसांची आठवण लावा. बऱ्याच कंपन्या साधारण तीन वर्षांनी री-क्रेडेन्शियलिंग करतात. नेमकं त्या वेळी अटेस्टेशन संपलेलं असेल, तर चालू करारसुद्धा धोक्यात येतो. माहिती भरायचं काम ऑफिसनं केलं तरी चालेल, पण अटेस्ट होण्याआधी ॲनालिस्टनं प्रत्येक पान स्वतः वाचलंच पाहिजे. खोट्या माहितीची जबाबदारी त्याच्याच अंगावर येते.

आणखी एक रकाना हमखास सुटतो, तो ऑथरायझेशनचा. ज्या कंपनीला माहिती पाहू द्यायची तिला तिथे परवानगी दिलेली नसेल, तर पूर्ण भरलेली प्रोफाइलही तिला दिसत नाही. अर्ज पेंडिंग का, असं विचारायला फोन करण्याआधी हे तपासा.

मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी विमा) मात्र इथे भरून भागत नाही. प्रत्येक राज्याची नावनोंदणी वेगळी, राज्याच्या स्वतःच्या पोर्टलवर. राज्यानं मेडिकेड खासगी प्लॅन्सकडे सोपवलं असेल, तर आधी राज्याकडे नोंदणी आणि मग त्या प्लॅनशी करार. आरबीटींची (सेशन घेणाऱ्या नोंदणीकृत टेक्निशियनची) प्रोफाइल सरसकट बनवत बसू नका. बऱ्याच कंपन्या त्यांची सेशन्स देखरेख करणाऱ्या बीसीबीएच्या नावानं बिल करायला सांगतात, काहींना आरबीटीचा स्वतःचा एनपीआय लागतो. प्रोव्हायडर मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं असतं. तेवढं पान काढून बिलिंगवाल्याच्या टेबलावर ठेवा.