वाळवंटातल्या तंबूसाठी घरी बनवलेला कूलर: बादलीचा की खोक्याचा?

वाळवंटात मुक्काम करायचा आणि कूलर स्वतः बनवून न्यायचा, तर खरे पर्याय दोनच. एक वीस लिटरच्या बादलीचा, दुसरा झाकणाच्या मोठ्या प्लॅस्टिक खोक्याचा. बर्फाच्या डब्यावर पंखा बसवण्याची युक्ती पुष्कळ जण सुचवतात, पण ती मी आधीच बाजूला काढतो. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो, तर एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळपास २,४०० किलोज्यूल शोषले जातात. सातपट फरक आहे, आणि पाणी वाटेत वितळून जात नाही.

अट एकच, हवा कोरडी हवी. तापमान ४० अंश आणि आर्द्रता १० टक्के असेल, तर बऱ्यापैकी पॅडमधून २५ अंशांच्या आसपासची हवा मिळते. आर्द्रता ४० टक्के झाली की तोच कूलर ३२ च्या खाली क्वचितच जातो. जिथे जाणार तिथली दुपारची आर्द्रता आधी बघा, भोकं नंतर पाडा.

दोन्हींची रचना सारखीच. तळाशी पाणी, त्यात छोटा पंप, पाणी वरून पॅडवर ठिबकतं आणि पंखा बाहेरची हवा त्या ओल्या पॅडमधून ओढतो. फरक हवेच्या प्रमाणात आहे. बादलीवर १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा बसतो. त्याने तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पाण्याची वाफ होते, म्हणजे साधारण ३०० वॉटचा गारवा. एवढ्यात तंबू थंड होत नाही, पण झोपलेल्या माणसावर झोत सोडला तर दुपारची डुलकी नक्की लागते. खोक्यात मोठा ब्लोअर मावतो. गारवा तिप्पट-चौपट, पण पाणीही तासाला दोन लिटरच्या घरात जातं.

रोज आठ तास धरा. तीन दिवसांत बादलीला १२ लिटर लागतील, खोक्याला ४८. हे पिण्याच्या पाण्यावर वेगळं. गाडीत तेवढी जागा आणि वजन झेपत नसेल, तर खोक्याचा विचार इथेच सोडा.

विजेचं कोडं त्यामानाने सोपं आहे. बादलीचा पंखा आणि पंप मिळून ८ ते १० वॉट घेतात. १२ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोन दिवस सहज पुरते. सोबत ५० वॉटचं सोलर पॅनेल असेल तर काळजीच नाही. खोक्याचा ब्लोअर एकटाच ४० वॉट खातो. त्याला १०० वॉटचं पॅनेल आणि दुप्पट बॅटरी लागते. तापलेलं पॅनेल लेबलवरच्या आकड्यापेक्षा कमीच देतं, हेही हिशोबात धरा. पॅनेल थेट पंख्याला जोडू नका. त्याचा व्होल्टेज २० च्या वर जातो, मध्ये चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज आवरून बॅटरीला देणारं छोटं यंत्र, हवाच. गाडी सुरू करायच्या बॅटरीवर कूलर चालवण्याच्या मी साफ विरोधात आहे. ती खोलवर उतरवण्यासाठी बनलेलीच नसते, आणि निर्जन जागी गाडी सुरू न होणं हे उकाड्यापेक्षा फार मोठं संकट आहे.

माझं मत: दोघांपर्यंत आणि छोट्या तंबूत असाल तर बादली. चौघं असाल, तंबू मोठा असेल आणि पाणी भरायची सोय जवळ असेल तरच खोकं.

काहीही निवडलंत तरी पॅडच्या कडा घट्ट बसवा. फट राहिली की हवा तिथूनच घुसते आणि गरमच येते. कूलर तंबूबाहेर सावलीत ठेवून नळीने झोत आत घ्या, आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवा. बंद तंबूत ओल साचत जाते आणि तासाभरात कूलर असून नसल्यासारखा होतो. पंपाला पंख्यापासून वेगळं बटण द्या, म्हणजे आधी पॅड भिजवता येतो. पाणी संपल्यावर कोरडा चाललेला पंप जळतो, म्हणून एक सुटा पंप सोबत असू द्या.