म्युनिकचे घर, लिथुआनियाचे खाते

तेहतीस वर्षे बँकेत काढून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेला माणूस घरभाड्याच्या फसवणुकीत सापडला, हे लिहिताना लाज वाटते. तरी लिहितो, कारण रावेर-यावल पट्ट्यातली निम्मी पोरे आता जर्मनीची वाट धरत आहेत आणि त्यांचे पैसे आमच्यासारखे बापच भरत आहेत.

थोरला मुलगा ऑगस्ट 2024 मध्ये म्युनिकला नोकरीवर रुजू झाला. सूनबाई आणि चार वर्षांची नात इकडे बॅगा भरून बसल्या होत्या. बिबडे, कळण्याचे पीठ, काळा मसाला, सगळे बांधून तयार होते. चाळीसेक घरांसाठी अर्ज करूनही मुलाला एकाचेही उत्तर येत नव्हते. म्युनिकमधली घरटंचाई ज्याने पाहिलेली नाही, त्याने आम्हाला मूर्ख म्हणण्याची घाई करू नये. अशात 65 चौरस मीटरचे, सजवलेल्या स्वयंपाकघरासह घर अवघ्या 950 युरो मूळ भाड्यात मिळाले. मालक म्हणे डॉक्टर, नोकरीनिमित्त लंडनला. करार आणि चावी मध्यस्थ संकेतस्थळामार्फत येणार. रीत ठरलेली: आधी पैसे, मग चावी.

तीन महिन्यांची अनामत 2,850 आणि हीटिंग-पाण्यासह पहिले भाडे 1,180, असे 4,030 युरो मी बुधवारी, 9 ऑक्टोबरला, नवती केळीच्या पैशांतून पाठवले. दर 93.50 रुपये, बँकेचे शुल्क 1,416, एकूण 3,78,221 रुपये. मुलाचा पहिला पगार अनामतीला पुरणारा नव्हता, म्हणून पैसे मी भरले. यात हौस कसली नव्हती.

आता तो क्षण. काउंटरवर मी फॉर्मवर पट्टी ठेवून खाते क्रमांकाचे एकेक अक्षर क्लार्कला वाचून दाखवले आणि त्यानेही ते दोनदा पडताळले. क्रमांकाची सुरुवात ‘एलटी’ने होत होती आणि तो वीस अक्षरांचा होता. जर्मन खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, ‘डीई’ने सुरू होतो आणि बावीस अक्षरांचा असतो, एलटी म्हणजे लिथुआनिया. घर म्युनिकचे, मालक लंडनला आणि खाते तिसऱ्याच देशात! आयुष्यभर धनादेशावरची सही एका वेलांटीने चुकली तरी परत पाठवणाऱ्या मी फक्त अंक जुळतात का एवढेच पाहिले. त्या पट्टीची मला अजून चीड येते.

दसऱ्याच्या मुहूर्तावर गृहप्रवेश करायचा म्हणून 12 तारखेला मुलगा बॅग घेऊन पत्त्यावर पोहोचला. तिकडे दारावरच्या बेलजवळ घरात राहणाऱ्यांची आडनावे लावलेली असतात; तिथे मालकाचे नाव नव्हते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून सांगितले, की या महिन्यात आलेले तुम्ही तिसरे. त्या रात्री सूनबाईने स्वयंपाकघराचा फोटो मोठा करून दाखवला: भिंतीवरचे सॉकेट तीन चौकोनी भोकांचे, इंग्लंडमध्ये असते तसे. मिक्सरसाठी जर्मन सॉकेटला चालणारा दोन गोल पिनांचा अडॅप्टर तिनेच आठवड्यापूर्वी आणला होता. तो फोटो आम्ही सगळ्यांनी निदान वीस वेळा पाहिला असेल.

घर आतून पाहिल्याशिवाय एक युरोही देऊ नका. जर्मन कायद्यानुसार अनामत मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना, त्याआधी नव्हे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते आणि तिला मालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. ते देणार का, असे आधीच विचारा. आमच्या ‘डॉक्टरां’नी हा प्रश्न दोनदा टाळला होता.

दसऱ्याचा तो दिवस दुसरा शनिवार, त्यामुळे बँक थेट सोमवारी उघडली. रक्कम परत मागवण्यासाठी लाभार्थ्याची संमती लागते, असे ज्या शाखेत माझा निरोपसमारंभ झाला तिथेच मला ऐकवण्यात आले. चोराची संमती! 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी शनिवारीच फोन करून तक्रार नोंदवली होती; तुम्हीही पहिल्या तासातच करा. त्यानंतर पोलीस ठाण्याने सायबर पोलिसांकडे पाठवले, सायबरने ठाण्याकडे, आणि दोघांनीही गुन्हा परदेशात घडल्याचे सांगितले. पैसे माझ्या तालुक्यातल्या शाखेतून गेले, मी इथे बसून फसलो, तर गुन्हा परदेशात कसा? हद्द कोणतीही असो, खबर नोंदवून घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगते. ते मी छापून नेले तेव्हा साहेब बंदोबस्ताला गेले होते. पाच फेऱ्या झाल्या. जर्मनीतल्या पोलिसांनी ऑनलाइन तक्रार त्याच दिवशी घेतली खरी, पण चार महिन्यांनी आरोपी सापडत नसल्याने तपास थांबवल्याचे पत्र आले. निदान पत्र तरी आले.

मुलगा अजून एका खोलीत भाड्याने राहतो, आणि बिबड्यांचा डबा आम्ही इथेच संपवला. गेल्या आठवड्यात ठाण्याकडूनही अखेर लेखी उत्तर मिळाले: आरोपीचा पूर्ण पत्ता व मोबाइल क्रमांक सात दिवसांत सादर करावा, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल.