मान-खांद्याचा हीटिंग पॅड: अख्खा हिवाळा वापरल्यावर

पारा उतरला की माझी मान आणि उजवा खांदा आखडतो. नुसता जडपणा नाही. मान वळवताना कानामागून खांद्याच्या पात्यापर्यंत कळ जाते आणि संध्याकाळी डोकंही ठणकायला लागतं. मणक्यात काही दोष नाही, हा स्नायूंचा ताण आहे, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं. मग मान-खांद्यावर पांघरता येणारा विजेवरचा हीटिंग पॅड घेतला. अख्खा हिवाळा तो वापरून झालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

थंडीत हे का होतं, ते समजल्यावर पॅड कधी लावायचा हेही कळलं. शरीराला आतलं तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचं असतं. गारठा लागला की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता तयार करण्यासाठी स्नायू आवळले जातात. हुडहुडी भरते ती दिसते, पण त्याआधीच स्नायूंत ताण चढायला लागलेला असतो. त्यात आपण अंग चोरून, खांदे कानाकडे ओढून वावरतो. मानेपासून खांद्यांपर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस हा स्नायू मग बराच वेळ तसाच आवळलेला राहतो.

त्यामुळे कळ असह्य होईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. मी सकाळी बाहेर पडण्याआधी आणि बाहेरून आल्या आल्या पॅड लावते, मधल्या पातळीवर, पंधरा ते वीस मिनिटं. थोड्याच वेळात खांदे आपोआप खाली येतात, श्वासही मोकळा होतो. हा आराम खरा आहे, पण नुसत्या शेकाने तो फार टिकत नाही. मला सर्वात मोठा फरक पडला तो फिजिओथेरपिस्टच्या एका वाक्याने: ऊब आहे तोवर मान हलवा. पॅड काढल्याबरोबर मी खांदे गोल फिरवते, हनुवटी सरळ मागे घेते, मग कान खांद्याकडे झुकवून वीस-तीस सेकंद थांबते, दोन्ही बाजूंना. झटका द्यायचा नाही, दुखेपर्यंत ताणायचं नाही. शेक आणि या हालचाली एकत्र केल्या की दुपारपर्यंत मान मोकळी राहते. कुणी मला विचारलं की पॅड घेऊ का, तर मी आधी हेच विचारेन की नंतर पाच मिनिटं व्यायाम करणार का.

आणि मफलर! बाहेर असताना मान झाकलेली असेल तर घरी आल्यावर शेक कमी लागतो, हे मला वारंवार जाणवलंय.

आता उणिवा. पाठीच्या वरच्या भागात, पात्याच्या आतल्या कडेला पॅड नीट टेकत नाही. तिथे मी मागे घडी घातलेला टॉवेल ठेवून खुर्चीला रेलते. शिवाय वरवरचा शेक फार खोल जात नाही, त्यामुळे आतल्या गाठीला आराम पडायला वेळ लागतो. गळ्याजवळची वेल्क्रोची पट्टी सैल झाली आहे. वायर आखूड आहे, ही रोजची कटकट. रबरी पिशवीपेक्षा मात्र हा नक्कीच बरा. ती खांद्यावरून घसरते, निवत जाते आणि जुनी झाली की फुटून भाजण्याची भीती असते.

ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय नसेल तर पॅड घेऊच नका. साधारण 44 अंशांची ऊब सुरुवातीला सुखाची वाटते, पण तीच काही तास त्वचेला लागून राहिली तर भाजतं. म्हणून पॅड लावून झोपायचं नाही. रोज फार वेळ शेकल्यास त्वचेवर जाळीसारखे लालसर-तपकिरी डाग पडतात. तसं दिसलं तर शेक थांबवा. बाम चोळून त्यावर पॅड लावू नये, त्वचा पोळू शकते. मधुमेहामुळे किंवा इतर कारणाने त्वचेला बधिरपणा असेल तर गरम किती झालं ते कळतच नाही, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. ताजी दुखापत आणि सूज असेल तिथेही शेक नको.

हाताला मुंग्या येत असतील, पकड कमजोर झाली असेल, किंवा तापासोबत मान ताठली असेल, तर शेकत बसू नका, लगेच दाखवा. ते थंडीने आखडणं नाही.

मी पुढच्या वेळी घेईन तो पॅड लांब वायरचा, खांद्यावर वजनाने बसणारा आणि कव्हर काढून धुता येईल असा. पॅड घडी करून ठेवू नका, आतल्या तारा तुटतात. सैल गुंडाळून ठेवला की पुरे.