व्हॅसर क्लेमंट्स यांचे फिडल : आठ महिने रोज ऐकल्यानंतर

व्हॅसर क्लेमंट्स या अमेरिकन फिडलवादकाची चार ध्वनिमुद्रणे गेले आठ महिने माझ्याकडे आहेत आणि त्यांपैकी एखादे तरी ऐकल्याशिवाय क्वचितच दिवस गेला असेल. घेताना हेतू अगदी मर्यादित होता. मी हिंदुस्थानी पद्धतीने, मांडी घालून आणि व्हायोलिनचे डोके पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवते; द्रुत लयीत माझा उजवा हात आखडतो, म्हणून वेगात गज मोकळा ठेवणाऱ्या कोणाचे तरी वादन बारकाईने ऐकावे, असे मनात होते. पहिल्या आठवड्यातच अभिप्राय लिहायला घेतला होता, तो तेव्हा पूर्ण झाला नाही हे बरेच झाले, कारण त्यातले जवळजवळ प्रत्येक मत पुढे बदलले.

फिडल म्हणजे वेगळे वाद्य नव्हे, हे आधी सांगितलेले बरे. ते व्हायोलिनच आहे. लोकसंगीतात वाजवताना त्याला फिडल म्हणतात. क्लेमंट्स ज्या शैलीसाठी ओळखले जातात ती ब्लूग्रास ही मँडोलिनवादक बिल मन्रो यांनी १९४०च्या दशकात घडवलेली अमेरिकन शैली असून तिच्यात बँजो, मँडोलिन, गिटार, बास आणि फिडल आळीपाळीने पुढे येतात. पारंपरिक ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतात, त्यामुळे ठेका सांभाळण्याची जबाबदारी सर्वांवर वाटलेली असते आणि लय किंचित जरी ढिली पडली तरी ती लपत नाही.

पहिला संच ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’. कॅलिफोर्नियाच्या ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ या तरुण मंडळींनी १९७१च्या ऑगस्टमध्ये नॅशव्हिलला जाऊन मेबेल कार्टर, अर्ल स्क्रग्ज, डॉक वॉटसन, रॉय एकफ अशा अमेरिकन लोकसंगीत-कंट्रीतल्या बुजुर्गांबरोबर केलेले हे ध्वनिमुद्रण पुढल्या वर्षी तीन तबकड्यांत प्रसिद्ध झाले. मी वापरलेला संच मागवला. विक्रेत्याने ‘उत्तम स्थितीत’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात तिसऱ्या तबकडीवर नखभर लांबीचा ओरखडा निघाला आणि त्या जागी सुई दर फेरीला उडी मारते. पत्राला उत्तर आले नाही. ती बाजू मी आता फोनवरच ऐकते.

या संचाने सुरुवातीला माझी निराशा केली, कारण बहुतेक गाण्यांत क्लेमंट्स गायकाच्या मागे आहेत. महिनाभराने लक्षात आले की खरे शिकण्यासारखे तेथेच आहे. गायकाची ओळ संपते आणि पुढची सुरू होते, या दोहोंमधल्या दीड-दोन मात्रांत ते जे भरतात ते पुन्हा तसेच येत नाही. कधी एकच लांब सूर, कधी दोन तारांवर एकदम ओढलेला गज, तर कधी नुसतीच शांतता. त्यांची स्वतःची रचना ‘लोनसम फिडल ब्लूज’ याच संचात आहे. डी मायनर या पाश्चात्त्य स्वरश्रेणीतली ही धून तबकडीवर ऐकताना सरळसोट भासते. वेग साठ टक्क्यांवर आणून ऐकली की तिच्यातली चलाखी उघडी पडते. ब्लूग्रासमधला सर्रास आढळणारा गज जोराच्या मात्रेवर बदलतो, म्हणून तो ठसठशीत वाटतो. क्लेमंट्स एकाच गजात चार-पाच सूर बांधतात आणि तो गज जोराच्या मात्रेवरून तसाच पुढे नेतात. दिशा बदलते ती मात्रा ओलांडल्यावर. ऐकणाऱ्याला समेची जागा कळत असते, फक्त वादक तेथे थांबत नाही. हे एक वाक्य हातात यायला मला अकरा आठवडे लागले आणि ते अजूनही साठ टक्क्यांवरच आहे.

हा गज त्यांनी कोठून आणला, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे. १९२८ साली जन्मलेले क्लेमंट्स फ्लोरिडातील किसिमी येथे वाढले, सातव्या वर्षी आपणहून फिडल वाजवू लागले आणि नोटेशन वाचायला ते कधी शिकलेच नाहीत. मन्रोंच्या सर्वांत गाजलेल्या संचात फिडल वाजवणारे चबी वाइज हे फ्लोरिडाचेच, कुटुंबाच्या परिचयातले. तो वारसा झाला फिडलचा. पण रेडिओवरून कानावर पडत होते ते ग्लेन मिलर, टॉमी डॉर्सी, आर्टी शॉ यांचे स्विंग, म्हणजे नाचासाठीचे जॅझ, वाजवणारे मोठे वाद्यवृंद, त्यांतले ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट. फुंकून वाजवण्याच्या वाद्यात वाक्याची लांबी श्वास ठरवतो. क्लेमंट्स यांचा गज मला तसाच, श्वासाच्या मापाने चालणारा वाटतो. गुरू नसल्याने फिडलवर ट्रॉम्बोनसारखे वाजवू नये, असे त्यांना बजावणारेही कोणी नव्हते.

एकविशीत ते मन्रोंच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’मध्ये आले, १९५०च्या दशकाच्या अखेरीस ‘जिम अँड जेसी’ या भावांच्या जोडीबरोबर वाजवू लागले आणि साठच्या दशकात काही वर्षे संगीतापासून जवळजवळ दूरच राहिले. त्या काळात त्यांनी कागद गिरणीत काम केले, रेल्वेत सांधेवाल्याची नोकरी केली, विमा विकला आणि केनेडी अंतराळ केंद्रात नळजोडणीचेही काम केले. १९६७मध्ये ते नॅशव्हिलला परतले. (कलावंतांच्या चरित्रात अशा वर्षांना ‘संघर्षाचा काळ’ म्हणून दोन ओळींत गुंडाळतात. मला मात्र तो नळजोडणी करणारा माणूस डोळ्यांसमोरून हलत नाही.) परतल्यावर १९७१च्या बँजोवादक-गायक जॉन हार्टफर्ड यांच्या ‘एरिओ-प्लेन’ या तबकडीपासून त्यांना आपल्यासारखेच चौकटीबाहेरचे सोबती मिळत गेले.

चारांतले सर्वांत टिकाऊ ध्वनिमुद्रण ‘ओल्ड अँड इन द वे’. ऑक्टोबर १९७३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘बोर्डिंग हाउस’ या छोट्या सभागृहात, श्रोत्यांसमोर ते झाले. ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचे जेरी गार्सिया येथे गिटार बाजूला ठेवून बँजो वाजवतात, मँडोलिनवर डेव्हिड ग्रिसमन, गिटार आणि गायनाला पीटर रोवन, बासवर जॉन कान. १९७५मध्ये तबकडी बाजारात आली तेव्हा हा संच विखुरलाही होता. गार्सियांचा बँजो तयारीचा असला तरी अव्वल नाही, काही ठिकाणी तो घाईला येतो आणि नेमक्या त्याच जागी क्लेमंट्स काय करतात हे ऐकावे. ते धावत नाहीत. एक सूर खालून घसरत आणतात, जरा उशिरा पोहोचवतात आणि सगळा संच पुन्हा जागेवर बसतो. ‘किसिमी किड’ ही त्यांचीच रचना येथे आहे आणि आठ महिन्यांत सर्वाधिक वेळा मी तीच ऐकली.

हे ध्वनिमुद्रण मी आमच्या गुरुजींना ऐकवले. डोळे मिटून त्यांनी दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाले, “अगं, याला गंधार कोमल लावायचा आहे की शुद्ध, ते आधी ठरवायला सांग.” आक्षेप रास्त होता, कारण ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकन गानप्रकारातला गंधार या दोहोंच्या मधे कोठेतरी राहतो आणि क्लेमंट्स तो एका जागी स्थिर करतच नाहीत. चहा झाल्यावर गुरुजींनी तीच धून पुन्हा लावायला सांगितली. मत बदलले की नाही, ते त्यांनी सांगितले नाही.

‘हिलबिली जॅझ’ (१९७५) हे नाव क्लेमंट्स यांनी आपल्या शैलीसाठीही वापरले. येथे ड्रम आहेत, तेही एल्विस प्रेस्ली यांच्याकडे वाजवणाऱ्या डी. जे. फोंटाना यांचे, शिवाय पेडल स्टील (पायपट्ट्या असलेली आडवी स्टील गिटार) आणि डेव्हिड ब्रॉमबर्ग यांचे गिटार. अष्टपैलू वादक म्हटला की तो प्रत्येक शैलीत वेगळा वाजवतो, अशी माझी समजूत होती. ‘ओल्ड अँड इन द वे’ आणि हे लागोपाठ ऐकल्यावर ती टिकली नाही. ब्लूग्रासमध्ये जो गज मात्रा ओलांडत होता तोच येथे स्विंगमध्ये ओलांडतो; भोवतालचे संगीत बदलले आहे, क्लेमंट्स आहेत तेच आहेत. फरक एवढाच की ब्लूग्रासमध्ये त्या गजाला अडवणारी कडक चौकट असते आणि त्या ओढाताणीत गंमत आहे. येथे सगळेच सैल असल्याने या संचातल्या दुसऱ्या तबकडीवर माझे लक्ष भरकटते.

ऐंशीच्या दशकातले ‘टुगेदर अॅट लास्ट’ मात्र मी कोणाला आवर्जून घ्यायला सांगणार नाही. १९३४पासून गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्याबरोबर पॅरिस गाजवलेले फ्रेंच जॅझ व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली आणि क्लेमंट्स समोरासमोर, यापेक्षा मोठे आमिष काय असणार? पण दोघे एकमेकांना इतके ‘आधी आपण’ करतात की पंगतीत आग्रहापायी जेवण निवावे तसे होते. ग्रापेलींचा सूर स्वच्छ आणि काठोकाठ, क्लेमंट्स यांचा किंचित धुरकट; एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती धून जाते ते क्षण तेवढे कान टवकारायला लावतात.

फेब्रुवारी २००५मध्ये ‘अर्ल्स ब्रेकडाउन’ या धुनेच्या वादनासाठी ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ आणि अर्ल स्क्रग्ज यांच्यासह क्लेमंट्स यांना ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी १६ ऑगस्टला फुप्फुसाच्या कर्करोगाने ते गेले.

माझ्या हाताचे म्हणाल तर गजाला लावायची राळ आता निम्मी लागते, कारण गज दाबणे कमी झाले आहे. द्रुत लयीत आखडणे गेलेले नाही. फक्त ते पूर्वी पहिल्या आवर्तनात सुरू होई, हल्ली चौथ्या-पाचव्यात होते. ओरखडा नसलेली तिसरी तबकडी मी अजून शोधते आहे.