नव्या डिस्कचे पैसे, जुन्या डिस्कला लेथ

गेल्या हिवाळ्यात माझ्या गाडीचे पुढचे ब्रेक किंचाळू लागले, म्हणून पुण्यातल्या एका ओळखीच्या गॅरेजमध्ये मी ती दाखवली. पॅड संपले आहेत आणि डिस्कही (चाकाबरोबर फिरणाऱ्या, ब्रेक दाबल्यावर पॅड ज्यांना आवळतात त्या चकत्या) बदलाव्या लागतील, असे मालकाने सांगितले. यात खोटे काहीच नव्हते. त्याने नामांकित कंपनीचे सीलबंद खोके समोर ठेवले, होलोग्राम दाखवला आणि म्हणाला, "साहेब, संध्याकाळी गाडी घेऊन जा." मी खोके पाहिले, त्यांतला माल गाडीला बसताना मात्र पाहिला नाही. मजुरी धरून ९,२०० रुपये झाले. पक्के बिल घेतले तर जीएसटी लागेल, असे तो म्हणाल्यावर मी कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानले, आणि हा लोभ सर्वस्वी माझा होता.

तीन आठवड्यांनी ताम्हिणी घाट उतरताना पेडल पायाखाली थरथरू लागले, जळकट वास आला, आणि शेवटच्या वळणांवर जोराने दाबूनही गाडी आवरेना. खालच्या गिअरवर ती कशीबशी उतरवली. माणगावच्या मेकॅनिकने चाक काढले, तेव्हा डिस्कच्या मधल्या उंचवट्यावर चंदेरी स्प्रे मारलेला दिसला. त्याने तो स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला, तर खाली जुना गंज! पॅड जिथे घासतात तिथे लेथच्या, म्हणजे धातू फिरवून तासणाऱ्या यंत्राच्या, बारीक, गोलाकार रेषा होत्या. डिस्कवर किमान जाडी २० मिलिमीटर अशी कोरलेली होती. मायक्रोमीटरने मोजल्यावर ती एका ठिकाणी १८.६ आणि दुसऱ्या ठिकाणी १८.८ भरली.

डिस्क लेथवर घासून घेणे मुळात गैर नाही. घासल्यावरही जाडी किमान मर्यादेच्या वर उरत असेल, तर ते काम रास्तच म्हणावे लागेल. परंतु ब्रेक लावल्यावर गाडीच्या गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि ती उष्णता डिस्कच्या बिडाला सोसावी लागते. बीडच कमी उरले की डिस्क लवकर तापते, पॅडची पकड सुटते, आणि जाडी सर्वत्र सारखी नसल्यास पेडल थरथरते. माझ्या पॅडच्या मागच्या पत्र्यावर कंपनीचे नाव वा बॅच नंबर, काहीच नव्हते.

म्हणून आपण हे काम करून घ्याल तेव्हा खोका आपल्यासमोर फोडायला सांगा, त्यावरचा पार्ट नंबर आपल्या गाडीच्या मॉडेलशी ताडून पाहा आणि बिलावर लिहून घ्या. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात किंवा संरक्षक लेप असतो. तेल असेल तर ते ब्रेक क्लीनरने पुसूनच डिस्क बसवतात, हेही डोळ्यांनी पाहा. सर्वांत महत्त्वाचे, काढलेले जुने पार्ट डिकीत ठेवून घरी आणा. मी ते मागितले असते, तर हा प्रकार त्याच संध्याकाळी उघड झाला असता, कारण द्यायला त्याच्याकडे जुन्या डिस्क नव्हत्याच.

पुण्यात परतल्यावर मी त्या डिस्क घेऊन गॅरेजमध्ये गेलो. "घाटात सारखा ब्रेक दाबून उतरलात, त्यामुळे तापल्या," असे मालक शांतपणे म्हणाला आणि बिल मागू लागला. मी चिठ्ठी काढली. तिच्यावर 'ब्रेक काम ९२००' एवढेच लिहिलेले होते. माझ्या गाडीचा नंबरसुद्धा नव्हता.